पट्टी, भाता आणि मैफल : पेटीच्या स्वतंत्र वादनाचा मराठी इतिहास

७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे दोन लोहमार्ग एकमेकांना मिळाले. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याहून अलाहाबादमार्गे आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग नर्मदाकाठच्या या शहरात जोडला गेला, आणि देशाची पूर्व व पश्चिम ही दोन्ही टोके प्रथमच सलग रुळांनी बांधली गेली. या घटनेची नोंद व्यापार, टपाल आणि लष्करी हालचाली यांच्या संदर्भात नेहमी घेतली जाते. संगीताच्या इतिहासात तिला स्थान मिळालेले नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या कारखान्यांतून घडलेली हातपेटी आणि त्याच सुमारास पुण्या-मुंबईत बहरास आलेली मराठी संगीत रंगभूमी यांची गाठ ज्या काळात पडली, तो काळ या लोहमार्गानेच शक्य केला होता. त्या अर्थाने जबलपूर हे एका सांगीतिक संगमाचेही प्रतीक मानता येईल.

जबलपूरच्या मराठी समाजाचा इतिहास रेल्वेहून जुना आहे. सागरच्या मराठा अंमलदारांपासून नागपूरकर भोसल्यांपर्यंत, म्हणजे १८१७ पर्यंत, हा मुलूख मराठी सत्तेखाली होता. पुढे कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना आणि शाळा-महाविद्यालये यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा जबलपूर हा १९५६ पर्यंत भाग होता. घरात मराठी आणि दारात हिंदी अशा दुहेरी भाषिक संसारात या कुटुंबांनी जे मराठीपण जपले, त्यात पंचांग, गणेशोत्सव आणि नाट्यपदे यांच्याबरोबर एका वस्तूचा उल्लेख करावाच लागतो. ती म्हणजे पेटी. मूळ गावापासून शेकडो मैल दूर असलेल्या दिवाणखान्यात नाट्यपदांची चाल जिवंत राहिली ती गळ्यापेक्षाही अनेकदा पेटीच्या पट्ट्यांवर.

आणि तरीही या वाद्याचा, विशेषतः त्याच्या स्वतंत्र वादनाचा, मराठी रसिकतेच्या अंगाने विचार क्वचितच झाला आहे. पेटी ही साथीची, शिकवणीची, भजनाची वस्तू. तिच्यावर कोणी एकट्याने मैफल रंगवावी ही कल्पना एकाच वेळी लोकप्रिय आणि संशयास्पद ठरत आली. हा संशय कोठून आला, तो कितपत योग्य होता, आणि त्याला न जुमानता ज्या वादकांनी पेटीला मैफलीच्या मध्यभागी आणून बसविले त्यांनी नेमके काय साधले, हे प्रश्न केवळ एका वाद्याचे नाहीत. यंत्राच्या मर्यादेत राहून मनुष्य किती बोलू शकतो, हा त्यामागचा मूळ प्रश्न आहे.

युरोपीय संगीतात हाच प्रश्न पियानोच्या संदर्भात दोन शतके विचारला गेला, आणि त्याचे सर्वांत भव्य उत्तर 'कॉन्चेर्टो' या रचनाप्रकाराने दिले. एका बाजूला पूर्ण वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूला एकटा वादक, आणि त्यांच्यामधील संवाद, स्पर्धा, समजूत, असे या प्रकाराचे स्वरूप. मोझार्टच्या नावावर क्रमांकित असे २७ पियानो-कॉन्चेर्टो आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य त्याने स्वतः वाजविण्यासाठी रचले. १७८८ मधील 'राज्याभिषेक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉन्चेर्टोच्या हस्तलिखितात डाव्या हाताच्या ओळी पुष्कळ ठिकाणी त्याने कोऱ्याच ठेवल्या आहेत. वाजविणारा तोच असल्याने लिहिण्याची गरज नव्हती. शिवाय 'कादेन्झा' या नावाने ओळखला जाणारा एक अवकाश या रचनेत राखून ठेवलेला असे. वाद्यवृंद थांबे, आणि वादक आपल्या स्फूर्तीने त्या क्षणी सुचेल ते वाजवी. बेथोव्हेनने १८०९ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या पाचव्या कॉन्चेर्टोत हा अवकाश काढून घेतला आणि स्वतःच सर्व काही लिहून ठेवले. तेथून पुढे युरोपीय वादक हा उत्तरोत्तर लिखित संहितेचा भाष्यकार होत गेला. भारतीय मैफलीने मात्र तो अवकाश कधीच गमावला नाही. आपल्याकडे संपूर्ण मैफल हीच एक प्रदीर्घ कादेन्झा असते.

मराठी प्रदेशात कॉन्चेर्टो ऐकण्याची परंपरा मुंबईपुरती मर्यादित राहिली. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांचा वाटा मोठा होता. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाल्यावर मुंबईकर श्रोत्याला पियानो-कॉन्चेर्टो प्रत्यक्ष ऐकण्याची संधी अधिक नियमितपणे मिळू लागली. परंतु पुणे, कोल्हापूर, नागपूर, जबलपूर येथील सर्वसामान्य मराठी रसिकाला पट्ट्यांच्या वाद्यावरील प्रभुत्वाचा जो साक्षात्कार झाला, तो पियानोतून झाला नाही, पेटीतून झाला. म्हणून या रसिकतेचा इतिहास पेटीच्या इतिहासापासूनच सुरू करणे भाग आहे.

हार्मोनियम हे वाद्य पॅरिसमध्ये जन्मले. अलेक्सांद्र देबॅं याने १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पायाने भाता चालवावयाचा आणि दोन्ही हातांनी वाजवावयाचे, असे त्याचे मूळ रूप. मिशनरी, लष्करी छावण्या आणि साहेबी दिवाणखाने यांच्यामार्फत ते हिंदुस्थानात आले. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गायकवादकांच्या दृष्टीने ते अवजड आणि उंच होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीने त्याचे पाय काढून टाकले, भाता पाठीमागे बसविला आणि डाव्या हाताने हवा भरण्याची सोय केली. वाद्य स्वस्त झाले, उचलून नेण्याजोगे झाले. मात्र या सोयीची किंमत म्हणून वादकाचा एक हात कायमचा भात्यात गुंतला. मोझार्टने डाव्या हाताच्या ओळी कोऱ्या सोडल्या त्या आत्मविश्वासाने. भारतीय पेटीवाल्याच्या डाव्या हाताची ओळ वाद्याच्या घडणीनेच कोरी ठेवली.

मराठी रंगभूमीने या वाद्याला प्रतिष्ठा दिली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून संगीत नाटकाचा जो प्रवाह सुरू झाला, त्याला रात्र-रात्र चालणारी, आवाजाला आधार देणारी आणि हवामानाने न बिघडणारी साथ हवी होती. सारंगी ही गळ्याची सर्वांत जवळची सखी असली, तरी ती नाजूक होती, आणि तिच्याशी जोडलेल्या सामाजिक कलंकामुळे पांढरपेशा घरांना ती परकी वाटे. पेटीला असा पूर्वेतिहास नव्हता. तिला जात नव्हती, घराणे नव्हते, कोठ्याची आठवण नव्हती. मध्यमवर्गीय मुलाने आणि पुढे मुलीनेही ती निःशंकपणे शिकावी, हे शक्य झाले. नाटकमंडळ्यांनी पुढे पायाने चालणारा ऑर्गन आणला, तेव्हा वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले आणि पदांना एक भारदस्त, भरीव स्वरपट मिळाला. पडदा उघडण्यापूर्वी ऑर्गनचा पहिला स्वर नाट्यगृहात भरून राहिला की प्रेक्षकांची कुजबूज आपोआप थांबे. त्या एका क्षणात वादक हा श्रोत्यांचा स्वामी असे. स्वतंत्र वादनाची बीजे त्या क्षणात आहेत.

या बीजाला वृक्षाचे रूप दिले गोविंदराव टेंबे यांनी. ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळ सांगवडे येथे त्यांचा जन्म झाला. शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापूर म्हणजे संगीताचे एक विद्यापीठच होते. अल्लादियाखाँ तेथे दरबारगायक होते आणि देवल क्लबात जाणत्यांची बैठक भरे. टेंबे यांनी पेटीचे रीतसर शिक्षण असे फारसे घेतले नाही. त्यांनी गाणे ऐकले, आत्मसात केले आणि ते बोटांत उतरविले. भास्करबुवा बखले यांचा सहवास त्यांना लाभला, आणि बुवांच्या साथीला बसून त्यांनी ख्याल, ठुमरी, टप्पा या प्रकारांची नस ओळखली. १९११ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली टेंबे यांच्या होत्या. पूरब अंगाच्या ठुमरीचा, कजरीचा डौल त्यांनी मराठी पदांत आणला आणि नाट्यसंगीताचे वळणच बदलले. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका करून त्याला संगीतही दिले. 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार' या ग्रंथांनी मराठी गद्याला संगीताविषयी लिहिण्याची एक नवी भाषा दिली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

या विविध कर्तृत्वात पेटीवादक टेंबे यांचे स्थान कोणते? ते स्वतःला मुख्यतः वादक म्हणवीत नसले, तरी त्यांच्या सर्व कर्तृत्वाचे मूळ त्यांच्या बोटांत होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चालकार म्हणून त्यांनी जे केले, ते पट्ट्यांवर विचार करणाऱ्या मनाने केले. गवयाचा गळा एका घराण्याच्या शिस्तीत वाढतो. पेटीवाल्याच्या कानावर मात्र दहा घराण्यांचे गाणे पडते, कारण त्याला सर्वांच्या साथीला बसावे लागते. टेंबे यांच्या चालींतील विविधता, एका पदात ख्यालाचे गांभीर्य आणि दुसऱ्यात ठुमरीचा लडिवाळपणा, ही साथीदाराच्या या बहुश्रुततेची देणगी आहे. साथीला बसलेला मनुष्य सर्वांत जास्त ऐकतो, आणि जो सर्वांत जास्त ऐकतो तोच एक दिवस एकट्याने वाजवू शकतो.

स्वतंत्र वादनाची कला समजून घेण्यासाठी वाद्याच्या मर्यादा प्रथम ध्यानात घेतल्या पाहिजेत. पेटीची पट्टी दाबली की स्वर लागतो, सोडली की थांबतो. मधली अवस्था नाही. दोन स्वरांच्या मधल्या जागेतून घसरत जाणारी मींड, जी हिंदुस्थानी संगीताचा प्राण मानली जाते, ती येथे तत्त्वतः अशक्य आहे. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार पेटीवर केवळ सुचविता येतो, लावता येत नाही. दुसरी अडचण स्वरांतरांची आहे. युरोपीय पद्धतीने जुळविलेल्या पेटीत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात, त्यामुळे शुद्ध गंधार हा तंबोऱ्याच्या खर्जातून सहज ऐकू येणाऱ्या गंधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा लागतो. तिसरी मर्यादा अशी की पियानोवर बोटाच्या आघाताप्रमाणे प्रत्येक स्वराचे वजन बदलते, तसे पेटीवर होत नाही. पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, स्वर तोच.

परंतु पियानोला जे जमत नाही, असे एक सामर्थ्य पेटीकडे आहे. पियानोचा स्वर उमटताक्षणी विझू लागतो. पेटीचा स्वर भात्यात हवा आहे तोवर जगतो, आणि त्याला वाढविता, कमी करता, थरथरविता येते. पेटी श्वास घेते. म्हणून खऱ्या पेटीवादकाची ओळख उजव्या हातापेक्षा डाव्या हातावरून होते. उजव्या हाताची तयारी, वेगवान तान, खटका, मुरकी, यांनी श्रोता चकित होतो. परंतु ज्या स्वरावर वादक थांबतो, त्या स्वराखाली भाता कसा हलतो, यावर तो स्वर बोलतो की नुसता वाजतो हे ठरते. मींडेचा आभास निर्माण करण्यासाठी जाणते वादक एका स्वरावरचे बोट उचलण्यापूर्वी दुसरे किंचित टेकवितात, मधल्या स्वराचा ओझरता कण घेतात आणि त्याच क्षणी भात्याचा दाब कमी करतात. श्रोत्याचा कान उरलेले अंतर स्वतःच भरून काढतो. ही एक प्रकारची लक्षणाच आहे. वाच्यार्थ अशक्य झाल्यावर शब्द ज्या शक्तीने दुसरा अर्थ सुचवितो, त्याच शक्तीने पेटी मींड सुचविते. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाला हे साम्य लक्षणीय वाटावे.

मराठी मैफलीतील पेटीवादनाला याखेरीज आणखी एक परिमाण होते, आणि ते अन्य भाषिक प्रदेशांत इतके ठळकपणे आढळत नाही. मराठी श्रोत्याला नाट्यपदे पाठ होती. वादक जेव्हा एखादे पद वाजवी, तेव्हा त्या स्वरांखाली श्रोत्याच्या मनात शब्द चालत असत. पद शब्दावाचून वाजे, परंतु निःशब्द नसे. बालगंधर्वांनी कोणत्या अक्षरावर श्वास घेतला, कोठे किंचित रेंगाळले, हे श्रोत्यांना ठाऊक होते, आणि वादक त्या स्मृतीशी खेळत असे. अपेक्षित जागी तो थांबे आणि श्रोते मान हलवीत. अपेक्षेला चकवून तो पुढे जाई आणि सभागृहातून दाद उमटे. बेथोव्हेनच्या चौथ्या कॉन्चेर्टोच्या मधल्या भागात तंतुवाद्यांच्या कठोर उद्गारांना पियानो हळुवार उत्तर देतो, आणि अखेरीस तो कठोरपणाच निवळत जातो. तेथे संवाद वादक आणि वाद्यवृंद यांच्यात आहे. पेटीच्या मैफलीत दुसऱ्या बाजूचा वृंद श्रोत्यांच्या स्मरणात बसलेला असे. वादक व्यासपीठावर एकटा दिसला, तरी त्याच्या समोर सबंध नाट्यगृह मनातल्या मनात गात असे. मराठी रसिकतेने आपल्या नकळत घडविलेला हा एक वेगळाच कॉन्चेर्टो होता.

या वाद्याला विरोधही तितकाच जुना आहे, आणि त्यात सामान्य मंडळी नव्हती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियम घडविण्याचा उद्योग केला. वाद्य टाकून न देता ते सुधारावे, ही त्यांची दृष्टी. रवींद्रनाथ ठाकुरांना मात्र ते मुळातच नको होते. आकाशवाणीवर या विरोधाला शासकीय रूप मिळाले. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या कार्यक्रमांतून हार्मोनियम हद्दपार झाले.

या बंदीच्या मागे ज्यांचे युक्तिवाद होते त्यांत जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराचे नाव घ्यावे लागते. दिल्ली केंद्रावर युरोपीय संगीताची जबाबदारी सांभाळणाऱ्या फोल्ड्सने १९३८ मध्ये या वाद्याविरुद्ध लेख लिहिला होता. बंदी येण्यापूर्वीच, १९३९ मध्ये, कलकत्त्यात त्याचा मृत्यू झाला. विलक्षण गोष्ट अशी की हाच फोल्ड्स एका पियानो-कॉन्चेर्टोचा कर्ता होता. १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या 'डायनॅमिक ट्रिप्टिक' या त्याच्या रचनेत पहिला भाग दाक्षिणात्य मेळाशी नाते सांगणाऱ्या एका स्वरसप्तकावर उभा आहे, आणि दुसऱ्या भागात वाद्यवृंदातील तंतुवाद्ये पाव स्वरांच्या अंतराने सरकतात. त्यांच्यामध्ये बसलेला पियानो अर्थातच पाव स्वर वाजवू शकत नाही. म्हणजे पट्ट्यांच्या वाद्याचा अपुरेपणा फोल्ड्सला पुरता ठाऊक होता, आणि तरीही त्याने त्या अपुऱ्या वाद्याला कॉन्चेर्टोच्या केंद्रस्थानी ठेवले. अपुरेपणा आणि त्याच्या भोवती सरकणारे सूक्ष्म स्वर यांच्या ताणातूनच त्याने सौंदर्य घडविले. पियानोला त्याने जी सवलत दिली, ती पेटीला दिली नाही. भारतीय संगीत शुद्ध राहावे ही त्याची तळमळ प्रामाणिक होती यात शंका नाही. परंतु ज्या न्यायाने पियानो त्याच्या रचनेत शोभला, त्याच न्यायाने तंबोऱ्याच्या शेजारी पेटी का शोभू नये, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या भूमिकेत सापडत नाही.

बंदीची खरी झळ कोणाला बसली? पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला पेटी प्रत्यक्ष ऐकता येत होती. नाट्यगृहे होती, गणेशोत्सवाच्या बैठका होत्या, घरगुती मैफली होत्या. ज्या मराठी माणसाचा संगीताशी संबंध मुख्यतः रेडिओमार्फत होता, त्याला ही बंदी जाणवली. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि मध्य प्रांतातील विखुरलेल्या मराठी घरांना आपल्या भाषेचा आवाज मिळाला, तेव्हा त्या आवाजात पेटी नव्हती. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे स्वतः मराठी आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. त्यांच्या कारकिर्दीतही धोरण बदलले नाही. १९७० मधील परिसंवादानंतर १९७१ मध्ये निवडक वरिष्ठ कलावंतांच्या साथीला पेटी घेण्यास मुभा मिळाली, तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती. साथीला मिळालेली ती मुभा स्वतंत्र वादनाला मात्र मिळाली नाही. सेविकेला घरात प्रवेश, परंतु गृहिणी म्हणून नाही, असा तो निवाडा होता.

या बंदीत एक उपरोध दडलेला होता, आणि तो भाषेनेच जपून ठेवला आहे. पेटीला अशास्त्रीय ठरविणारा गवईसुद्धा आपला षड्ज सांगताना 'काळी चार' किंवा 'पांढरी पाच' असे म्हणतो. गळ्याची उंची मोजण्याचे मराठीतील मापच पेटीच्या पट्ट्यांनी दिले. 'पट्टी' हा शब्द वाद्याच्या अवयवाचा होता, तो गायकाच्या आवाजाच्या जातीचा झाला. जे वाद्य नभोवाणीतून हद्दपार झाले, ते गवयाच्या बोलण्यातून कोणी हद्दपार करू शकले नाही.

बंदीच्या काळातही स्वतंत्र वादनाची परंपरा खंडित झाली नाही, हे विशेष. विसाव्या शतकाच्या मध्यास पी. मधुकर या नावाने विख्यात झालेले मधुकर पेडणेकर यांनी ती ध्वनिमुद्रिकांवर नेली. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग, गत आणि तयारी यांचे जे संक्षिप्त रूप त्यांनी साधले, ते घराघरांत पोहोचले. बोटांची चपळाई आणि स्वरांची स्वच्छता यांचा आदर्श अनेक वादकांनी या तबकड्यांवरून घेतला. त्यांचे शिष्य, गोव्यातील बोरी येथे १९३४ मध्ये जन्मलेले तुळशीदास बोरकर, यांनी साथ आणि स्वतंत्र वादन या दोहोंत सारखीच मान्यता मिळविली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आप्पा जळगावकर आणि पुरुषोत्तम वालावलकर यांनी साथीलाच एका स्वतंत्र कलेची उंची दिली. गायकाची सावली होऊन राहणे आणि तरीही सावलीला स्वतःचा आकार असणे, हे त्यांच्या साथीत प्रत्ययास येई.

या सर्वांत नागपूरचे मनोहर चिमोटे यांची भूमिका सर्वांत आग्रही. १९२९ मध्ये जन्मलेल्या चिमोटे यांनी भीष्मदेव वेदी यांच्याकडे शिक्षण घेतले आणि पेटी हे स्वतंत्र वादनाचेच वाद्य आहे, असा सिद्धांत आयुष्यभर जगून दाखविला. त्यांनी वाद्याला स्वरमंडळाची जोड दिली आणि त्याला 'संवादिनी' या नावाने प्रतिष्ठित केले. पट्टी सोडल्यावर तुटणाऱ्या स्वराला स्वरमंडळाच्या तारांचा झंकार पाठीशी मिळाला. नाव बदलल्याने वाद्य बदलत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु नाव बदलते तेव्हा ऐकणाऱ्याची अपेक्षा बदलते, आणि अपेक्षा बदलली की ऐकणे बदलते. 'पेटी' म्हटल्यावर जो श्रोता पानाचा डबा उघडून गप्पा मारीत बसे, तो 'संवादिनी' म्हटल्यावर सावरून बसला. मध्य प्रांताच्या राजधानीतून निघालेला हा हट्ट केवळ योगायोगाचा नसावा. पुण्या-मुंबईच्या केंद्रांपासून दूर, रेडिओच्या मौनात वाढलेल्या पिढीला या वाद्याची किंमत अधिक कळली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बोटांची तयारी म्हणजे संगीत नव्हे. पट्ट्यांच्या वाद्यावर वेग तुलनेने सहज येतो, कारण स्वर आधीच तयार असतो, तो शोधावा लागत नाही. सारंगियाला किंवा गवयाला प्रत्येक स्वर नव्याने जन्माला घालावा लागतो. पेटीवाल्याला तो आयता मिळतो. म्हणूनच स्वतंत्र वादनाच्या अनेक मैफली चमत्कृतीच्या आहारी गेल्या, हे नाकारता येणार नाही. युरोपातही पियानोच्या चमत्कृतीला भुललेला श्रोता आणि तिला कंटाळलेला समीक्षक ही जोडी लिस्टच्या काळापासून परिचित आहे. परंतु यावरून वाद्यालाच दोष देणे म्हणजे यमकबाजीवरून वृत्तालाच दोष देण्यासारखे आहे. श्रेष्ठ वादक तोच, जो आयत्या मिळालेल्या स्वराला कमावलेला करून दाखवितो. संथ लयीत, एकाच गंधारावर, भात्याच्या एका उसाशावर जो सभा स्तब्ध करतो, त्याच्या बाबतीत स्वर शोधावा लागला की नाही हा प्रश्नच गैरलागू होतो.

दुर्दैव असे की या परंपरेच्या पहिल्या पर्वाचा ध्वनी आज फारसा हाती लागत नाही. टेंबे यांच्या मैफली ज्यांनी ऐकल्या ती पिढी गेली. उरले आहे ते मुख्यतः गद्य. टेंबे यांचे स्वतःचे लेखन, केशवराव भोळे आणि वामनराव देशपांडे यांनी संगीतावर केलेली समीक्षा, आणि पेटीवर जीव असलेल्या, स्वतः उत्तम पेटी वाजविणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनी मैफलीच्या सहवासाविषयी लिहिलेली पाने, ही मराठीतील श्रवणाची दप्तरे आहेत. एखादी मैफल संपल्यावर तिचे काय उरते, या प्रश्नाला कॉन्चेर्टोच्या परंपरेत छापील संहिता हे उत्तर आहे. आपल्याकडे ते उत्तर नाही. आपल्याकडे मैफल उरते ती ऐकणाऱ्याच्या बोलण्यात, आणि बोलणे लिहिले गेले तर वाङ्मयात. म्हणून संगीतविषयक मराठी गद्य हे साहित्याच्या अभ्यासकाने बाजूला ठेवण्याजोगे नाही. हरपलेल्या नादाचे ते एकमेव घर आहे.

जबलपूरसारख्या शहरातील मराठी घरांत आजही कोठे तरी माळ्यावर किंवा कपाटाखाली एखादी जुनी पेटी सापडते. भाता फाटलेला असतो, एखादी पट्टी दाबलेलीच राहते, काही सूर बेसूर झालेले असतात. ती उघडून कोणी हवा भरली की पहिल्यांदा धूळ उडते आणि मग स्वर येतो. तो स्वर पॅरिसचा, कलकत्त्याचा, कोल्हापूरचा, सर्वांचाच असतो. ज्यांनी त्याच्याविरुद्ध निवाडे दिले ते निवाडे इतिहासजमा झाले. ज्यांनी त्याला बोलते केले, त्यांचे वादनही बहुतांशी विरून गेले. मागे राहिली ती एका समाजाची ऐकण्याची सवय. दूरच्या प्रांतात, परक्या भाषेच्या शेजारात, शब्दावाचून वाजणाऱ्या पदाखाली ज्यांच्या मनात मराठी शब्द आपोआप चालू लागले, त्या श्रोत्यांनी या वाद्याचा न्याय केव्हाच केला होता.